शेतावरचं जुनं घर नीट करून सुट्टीसाठी भाड्याने द्यायचंय: सुरुवात कुठून करावी?

रानवाट
शेतावरचं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. खाली दगड-मातीच्या भिंती, वर कच्च्या विटा, मोठा माळा, कौलारू छप्पर आणि घराला लागून गोठा. आजी होती तोवर घर नांदतं होतं. आता शेत चुलतभाऊ कसतो, घर मात्र बंद असतं. मागच्या बाजूची कौलं सरकलीत, उत्तरेच्या भिंतीला गुडघ्याच्या वरपर्यंत ओल आहे आणि लोणा फुटलाय. माळ्याच्या एका तुळईवर वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात.

आम्ही चार वारस. दोघा चुलतभावंडांना वाटतं, पाडून स्लॅबच्या खोल्या काढाव्यात आणि त्या भाड्याने द्याव्यात. मला आणि भावाला आहे तेच घर नीट करून सुट्टीवर येणाऱ्या कुटुंबांना द्यायचंय. एका ठेकेदाराने सांगितलं, "मातीचा गिलावा सगळा खरवडा, सिमेंट मारा, ओल विसरा." मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे घरच्यांना समजावता येत नाहीये.

तर सुरुवात कुठून करायची? किती बदलायचं, किती ठेवायचं? आणि भाड्याच्या पैशावर असं घर उभं राहतं का? प्रत्यक्ष हात घातलेल्यांनी जरूर लिहा.

पिंपळपान
आमचीही हीच कथा, वारस याहून जास्त. इथेच बसतो वाचत.

गवंडीकाम
रानवाटताई, ठेकेदाराला आत्ताच घरात शिरू देऊ नका. आधी एक चांगला पाऊस त्या घरापाशी छत्री घेऊन उभ्या राहून बघा. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठून जातं? पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडतात का? बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वर आलीय का? पालापाचोळा, शेणमाती, अंगणात वेळोवेळी टाकलेली भर यांनी बाहेरची पातळी चढत जाते आणि जोतं गाडलं जातं. तुमच्या उत्तरेच्या भिंतीचं दुखणं बहुधा तिथेच आहे. माती उकरून जोतं मोकळं करा, उतार घरापासून लांब द्या, छपराला पन्हळ लावा. एवढं केल्यावरही जाड भिंत सुकायला महिनेच्या महिने लागतात. तोवर आतल्या गिलाव्याला हात लावू नका.

आता सिमेंट का नको ते. दगड-मातीची भिंत थोडी ओल आत घेते आणि वारा-ऊन मिळालं की सोडते. तिच्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल कोंडते आणि वाट शोधत वर चढते. पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा भिंतीचा पापुद्रा घेऊनच सुटतो. वरून गुळगुळीत दिसतं, आत कच्च्या विटेचा चिखल होत असतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने घेतलं ते १८२४ साली, आणि खेड्यापाड्यांत ते पोचलं त्यानंतर कितीतरी काळाने. त्याआधीची घरं उभी होतीच ना? घरच्यांना एवढं सांगा की भिंतीपेक्षा कडक काहीही भिंतीवर लावायचं नाही.

आत माती, बाहेर चुना. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवायचा. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा चुनखडीच होतो. म्हणून पातळ थर, दोन थरांत पुरेसे दिवस, थेट उन्हापासून आडोसा आणि मधूनमधून पाण्याचा शिडकावा. विरवताना तो उकळतो. नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

आढंवासे
+१. त्यात भर: सिमेंटइतकाच वाईट तो तैलरंग आणि प्लास्टिक रंग. तोही ओल कोंडतो. चुन्याची सफेदीच बरी, दर काही वर्षांनी एक हात मारला की झालं. दारं-खिडक्यांचा जुना रंग मात्र कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची दाट शक्यता, आणि ती धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतू.

लोखंडीसळई
गवंडीकाम यांचं ओलीबद्दलचं सगळं पटलं. पण "उभी होतीच ना" याला माझा ठाम विरोध. मी इमारतींच्या मजबुतीचंच काम करतो. उभी राहिली ती घरं आपल्याला दिसतात, पडली ती दिसत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड धाबं झोपलेल्या माणसांवर कोसळलं. अशा भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्याने पदर सुटतात, फुगतात आणि बसतात.

रानवाट, तुमचं छप्पर कौलारू आहे, धाब्याइतकं जड नाही, ही चांगली गोष्ट. तरी प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून बघा. पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का? पाडणं हा उपाय नाही. ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार भोक घेऊन सळईसकट काँक्रीट भरतात, त्याने दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग पट्टा आणि छपराचं लाकूड त्या पट्ट्याला पक्कं जोडलेलं. दुसऱ्यांची लेकरं त्या छपराखाली झोपणार आहेत, तेव्हा अभियंत्याने लेखी काही दिल्याशिवाय पाहुणा घेऊ नका.

गवंडीकाम
मान्य, शब्द मागे घेतो. पट्टा लाकडाचाही करता येतो, तुमचं काय मत?

लोखंडीसळई
येतो. कोपऱ्यांतले सांधे पक्के हवेत आणि लाकूड वाळवीपासून वाचवलेलं हवं. आरपार भरण्यासाठी सिमेंट वापरलं म्हणून अख्ख्या भिंतीला सिमेंट फासायचं कारण नाही, हे मीही ठेकेदारांना सांगून दमतो.

भटकभवानी
मी अशा घरांत हौसेने राहायला जाते, म्हणून पाहुण्यांच्या बाजूने. आम्हाला लागतं ते फार थोडं: कोरडं अंथरूण, न मागता मिळणारं गरम पाणी, अंधारात हाताला लागणारं दिव्याचं बटण आणि घरातूनच जाता येईल असा स्वच्छ संडास. यात कमी पडलं तर जुन्या घराचं सगळं कौतुक पहिल्याच रात्री संपतं.

बाकीचं बदलू नका. वरखाली जमीन, जाड भिंतीतली खोल खिडकी, कुरकुरणारा जिना, बुटकं दार, यासाठीच तर येतो. (बुटक्या दाराच्या चौकटीवर उजेड मात्र ठेवा, कपाळमोक्ष होतो.) आणि कृपा करून जुनं दिसायला म्हणून नवीन वस्तू टांगू नका. घरात आजीचं खरं जातं असेल तर ते जिथे होतं तिथेच राहू द्या.

उंबरठा
वेगळं मत मांडतो, राग मानू नये. घर पाडू नये याच्याशी सहमत. पण सुट्टीचं भाडं हा त्यावरचा उपाय नाही असं माझं मत आहे. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने इंग्लंडमध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, तेव्हा तिच्या जाहीरनाम्याचा गाभा हाच होता की रोजच्या रोज काळजी घेऊन पडझड थोपवावी. पाहुणा रोजची काळजी घेत नाही. कौल सरकलंय हे त्याला कळत नाही, पन्हळीत पाला अडकलाय हे तो बघत नाही.

दुसरं, गावात घरं अशी सुट्टीवाल्यांकडे गेली की तिथल्या शाळेच्या मास्तरांना, नव्या जोडप्यांना भाड्याने घर मिळेनासं होतं. त्यापेक्षा कमी भाड्यात एखादं कुटुंब कायमचं ठेवा. चूल रोज पेटेल, खिडक्या रोज उघडतील, घर टिकेल.

चांदणवेल
उंबरठा, तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि तो प्रत्येकाने आपापल्या गावापुरता तपासावा. जिथे लोक घर शोधत फिरताहेत तिथे नक्कीच कायमचं भाडेकरू कुटुंब ठेवावं. पण जिथे गावंच रिकामी होताहेत तिथे? जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. पहिल्या मुद्द्याबद्दल सांगते: पाहुणा बघत नसेल, पण दोन पाहुण्यांच्या मध्ये झाडायला येणारी बाई घराचा कानाकोपरा बघते. आमच्याकडच्या गळत्या तिनेच आधी हेरल्या.

आमचं घर भाड्याने चालतं, त्यावरून रानवाटला काही गोष्टी.

जवळ राहणारं माणूस हवं. रात्री वीज गेली, साप दिसला, किल्ली आत राहिली, हे फोनवरून सुटत नाही. तुमचा चुलतभाऊ शेतावरच असतो, तर त्याच्याशी मोबदला ठरवून टाका. भावाचं काम म्हणून फुकटात ठेवलंत तर घरही जाईल आणि भाऊही.

हिशेब रिकाम्या महिन्यांवर मांडा. सुट्ट्यांत सगळ्यांना घर हवं असतं, एरवी ओस पडतं. विमा, वीज, शाकारणी, सफेदी यांना हंगाम नसतो. एका रात्रीचं बुकिंग घेऊ नका. चादरी धुणं, संडास घासणं, अंथरुणं घालणं हे एका रात्रीलाही तेवढंच.

मैल्याची टाकी! ती एका कुटुंबासाठी बांधलेली असते. माळ्यासकट घर भरलं की तिच्यावर किती भार येईल ते आधी मोजा आणि उपसायची गाडी तिथवर पोचते का बघा. विहीर गोठ्याजवळ असेल तर पाण्यात जंतू आणि नायट्रेट दोन्हींची तपासणी करा.

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. बंद घराच्या पाइपांत पाणी साचून राहिलं की त्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्यांना २० ते ४५ अंशांचं कोमट पाणी मानवतं आणि शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात जातात. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि पाहुणे यायच्या आधी सगळे नळ सोडून पाणी वाहू द्यायचं. चूल, शेकोटी, गॅसचा गिझर यातलं काहीही असलं तर धूर बाहेर जायची वाट आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा दोन्ही हवीत. त्या वायूला ना वास ना रंग.

पिंपळपान
लीजनेलाचं पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली.

निळीशाई
मी कागदांच्या बाजूने लिहिते, कारण माळ्यापेक्षा मला त्या "चार वारस" शब्दांची जास्त काळजी वाटते.

पहिलं कौल हलवायच्या आधी चौघांचा लेखी करार करा. पैसा कोण किती घालणार, न घालणाऱ्याचा वाटा तसाच राहणार की बदलणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची, घरच्यांनी स्वतः राहायचे दिवस कोणते, आणि चौघांतलं कुणी गेलं तर पुढे काय. हे शेवटचं लिहायला सगळे कचरतात. जुनी घरं वाळवीपेक्षा जास्त या एका न लिहिलेल्या वाक्याने पडलेली मी पाहिलीत.

विमा कंपनीला पैसे देणाऱ्या पाहुण्यांबद्दल लेखी कळवा. राहत्या घराचा साधा विमा बहुधा त्यांना लागू होत नाही.

परवानग्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या, म्हणून ढोबळ सांगते: खोल्यांची संख्या ठरवण्याआधी नियम वाचा. किती खोल्या, किती माणसं, किती रात्री यावर तुम्ही घरगुती सोयीत मोडता की हॉटेलात हे ठरतं. इटलीने १९८५ च्या ७३० क्रमांकाच्या कायद्यात शेतघरातल्या पाहुणचाराला शेतीशी बांधूनच ठेवलं. शेती मुख्य, पाहुणे जोडीला. पुढे २००६ मध्ये त्या जागी नवा कायदा आला, सूत्र तेच राहिलं. जपानच्या २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात घरगुती निवासाला वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे. असा आकडा तुमच्याकडे असेल तर उत्पन्नाचं गणित तिथूनच सुरू होतं.

सुतारपक्षी
तुळईबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून येतोय. वाळवीच्या नळ्या दिसल्या म्हणजे तुळई गेली असं नाही. एक नळी मोडून बघा, आत किडा आहे का, आणि काही दिवसांनी ती पुन्हा बांधली जाते का. मग टोच्या घेऊन तुळईला इंच-इंच टोचा. भिंतीत शिरलेलं टोक आधी बघा, कुज तिथून सुरू होते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणजे पुन्हा पाण्याचाच प्रश्न.

टोक कुजलं असेल तर अख्खी तुळई काढू नका. खालून टेकू द्या, कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापा आणि त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा तुकडा तिरक्या लांब सांध्याने जोडा. वर बोरॅक्सचं पाणी मारा. सांध्याची जागा आणि माप अभियंत्याला विचारून. भिंतीतल्या टोकाभोवती थोडी हवा खेळेल अशी जागा सोडा.

पिंपळपान
सुतारपक्षी हे नाव घेऊन तुळया वाचवताय, फार आवडलं!
एक शंका: नव्या तुकड्याला रंग देऊन जुन्यासारखं करायचं का?

सुतारपक्षी
:) नाही. जुन्या वास्तू जपण्याबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत यावर स्पष्ट आहे: नवा भाग एकूण रूपात सामावला पाहिजे, पण जुन्यापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. "आधी इथे कोरीव खांब असणार" असं कुणी म्हणालं की मी फोटो मागतो. फोटो नसेल तर साधा खांब.

आढंवासे
थोडं अवांतर. जपानमधलं इसेचं देवस्थान दर २० वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात, २०१३ मध्ये बांधलं. तिथे जुनं लाकूड जपण्यापेक्षा बांधण्याची विद्या जपतात. मग आपण एकेका कुजक्या टोकासाठी इतकं का झुरायचं? पद्धत तीच ठेवून लाकूड नवं घातलं तर काय बिघडलं?

सुतारपक्षी
चांगला प्रश्न आहे. १९९४ मध्ये जपानमधल्या नारा इथे वारसा जपण्याबद्दल झालेल्या परिषदेत अस्सलपणाच्या कसोट्या प्रत्येक संस्कृतीत वेगळ्या असू शकतात हे मान्य झालं. पण इसेला पिढ्यान्पिढ्या तेच काम करणारे सुतार आहेत. आपल्याकडे तसा सांधा करणारा म्हातारा सुतार सापडला तर त्याच्या हाताखाली एक पोरगा ठेवा, मग लाकूड बदलण्याला माझी ना नाही. विद्या नसताना लाकूडही गेलं तर दोन्ही गेलं.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सिमेंटमागे क्षार कसे साठतात हे ऐकल्यावर चुलतबहीण स्वतः जाऊन बघून आली. गोठ्याच्या ज्या भिंतीला काही वर्षांपूर्वी सिमेंट मारलं होतं तिचा गिलावा पोकळ वाजतोय. ती आता आमच्या बाजूने आहे. चुलतभाऊ अजून विचारतो, एवढं करून पैसे सुटणार का?

चांदणवेल
त्याला सरळ सांगा: चौघांचा संसार यावर चालणार नाही. घराचा खर्च निघेल आणि घर सांभाळणाऱ्याला जोडउत्पन्न मिळेल. फ्रान्समध्ये १९५१ मध्ये शेतघरातला पहिला 'जीत' (सुट्टीसाठी भाड्याने दिलेलं ग्रामीण घर) सुरू झाला आणि १९५५ मध्ये त्यांचा महासंघ उभा राहिला, तेव्हा हेतू असाच होता: ओस पडणारी घरं वाचावीत आणि शेतकऱ्याला शेतीच्या जोडीला चार पैसे मिळावेत. ब्रिटनमध्ये १९६५ पासून लँडमार्क ट्रस्ट पडायला आलेल्या इमारती सावरून सुट्टीसाठी भाड्याने देतो, आणि तो धर्मादाय आहे. भाडं देखभालीला लागतं, आधी सावरायला लागणारा मोठा पैसा देणग्यांतून उभा करावा लागतो. तुमच्या बाबतीत तो पैसा चौघांच्या खिशातून येणार. कर्ज काढून केलंत आणि हप्ता भाड्यावर टाकलात तर पहिल्याच कोरड्या हंगामात घर गहाण पडेल.

उंबरठा
हे प्रामाणिक उत्तर आवडलं. माझी एक सूचना: सगळं घर एकदम करू नका. छप्पर आणि पाणी अख्ख्या घराचं, बाकी काम अर्ध्याचं. त्या अर्ध्यात एक वर्ष तुम्ही स्वतः आळीपाळीने राहा. कुठली खोली तापते, कुठे डास येतात, पहाटे कुठे ऊन येतं हे राहिल्याशिवाय कळत नाही. मग ठरवा पाहुणे की भाडेकरू कुटुंब.

भटकभवानी
उंबरठा +१. आणि त्या वर्षात मला बोलवा, पैसे देऊन येईन आणि खरी खरी तक्रार करेन.

रानवाट
धागा वर काढतेय. करार झाला, चौघांच्या सह्या झाल्या. चुलतभावाला देखभालीचा मोबदला ठरला आणि तो आता आमच्याहून उत्साहात आहे. अभियंत्याने भिंती बघितल्या: पश्चिमेच्या भिंतीला थोडं पोट आहे, तिथे आरपार सांधे घ्यायचेत. बाकी ओळंब्यात आहे. उत्तरेची माती उकरल्यावर खाली जोत्याचे घडीव दगड निघाले, आमच्यापैकी कुणीच ते कधी पाहिले नव्हते! तुळईचं फक्त टोक गेलंय. कौलं उतरवताना चांगली वेगळी रचून ठेवलीत, फुटकी थोडीच आहेत. आधी अर्धंच घर करायचं आणि स्वतः राहायचं हेही ठरलं.

आता पुढचा प्रश्न. संडास-न्हाणीघर माळ्याखालच्या कोठीत काढायचं की गोठ्याच्या बाजूला? आणि जमीन आधी करायची की पाइप?

गवंडीकाम
जोतं सापडलं, फार छान! न्हाणीघर गोठ्याच्या बाजूला घ्या आणि मधली भिंत फोडण्याआधी अभियंत्याला विचारून आतून दार काढा. कोठी घराच्या मध्यात आहे, तिथे पाणी नेलंत तर कच्च्या विटांच्या मधोमध कायमची ओल नेलीत. पाइप भिंतीत गाडू नका, बाहेरून उघडे ठेवा म्हणजे गळती लगेच दिसेल. आधी पाइप आणि मैल्याची वाट, मग जमीन. टाकीचा खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

लोखंडीसळई
आणि पश्चिमेच्या भिंतीचं काम होईपर्यंत त्या बाजूची कौलं परत चढवू नका. वरून ताडपत्री टाका.